आजच्या मापाची बंदूक

फोन सईदचा होता. सईद म्हणजे दादा अबुधाबीत ज्या दुकानात काम करायचा, त्या दुकानाच्या मालकाचा थोरला मुलगा. दुपारची वेळ होती. अबुधाबीपासून दोन-अडीच तासांवर, रुवैसच्या आमच्या क्वार्टरमध्ये मी काळे वाटाणे निवडत बसले होते, कारण शुक्रवारी दादा-वहिनी येणार होते आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं नसलं की दादाचा चेहरा असा व्हायचा, जणू मी त्याला उपाशी परत पाठवते आहे. "आंटी, मैं सईद," एवढंच तो म्हणाला आणि पुढे बोलेना. मी आपली हॅलो हॅलो करते आहे. लाइन तुटली असं समजून फोन ठेवणार, तेवढ्यात त्याचा हुंदका ऐकू आला... एवढा उंचापुरा, दाढीवाला तरुण. मग त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. दादा काउंटरमागच्या खुर्चीत चहाची वाट बघत बसला होता, आणि चहा यायच्या आत गेला.

याला आता दोन महिने होत आले. भेटायला येणारी माणसं म्हणतात, मोहनराव फार शांत होते हो. मला अशा वेळीही हसू येतं. माझा मोहनदादा शांत कधीच नव्हता. तो बढाईखोर होता, हट्टी होता, कपड्यांना अत्तर इतकं लावायचा की लिफ्टमध्ये तो येऊन गेल्याचं पुढच्या माणसाला कळायचं. "अख्ख्या अबुधाबीत माझ्याएवढी बंदूक कळणारा माणूस दाखव," असं तो कुणालाही म्हणायचा. अगदी माझ्या सासूबाईंनासुद्धा, ज्यांना बंदूक आणि पिचकारी यांतला फरक सांगावा लागला असता.

होय, दादा बंदुका विकायचा. हे सांगितलं की आपल्याकडची माणसं जरा मागे सरकून बसतात. दुकान तसं सगळ्याच हौशींचं होतं. पुढच्या भागात तंबू, कोळशाच्या शेगड्या, मासेमारीचे गळ, ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या चामड्याच्या टोप्या. आणि मागे, काचेच्या कुलूपबंद कपाटात, शिकारीच्या बंदुका. शिकारीला तिथले लोक हिवाळ्यात परदेशी जायचे. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की बाप त्याला दुकानात घेऊन यायचा. परवाना बापाच्या नावाचा, बंदूक मुलाच्या हातातली. त्या पहिल्या बंदुकीवर दादाचा फार जीव. मुलाला आणल्याशिवाय तो कपाट उघडायचाच नाही. बापाला चहा देऊन बसवायचा आणि मुलाशी गप्पा मारायचा. शाळा कुठली, फुटबॉल खेळतोस का, लिहितोस कुठल्या हाताने. बोलता बोलता त्याचा हात कोपरात वाकवून कोपरापासून बोटापर्यंतचं अंतर बघायचा, कारण बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, तेवढाच लांब हवा. बहुतेकांना तो वीस बोअरची (आकडा मोठा, पण नळी बारा बोअरहून बारीक), एकाच नळीची, एका वेळी एकच काडतूस भरायची बंदूक द्यायचा. मुलं हलकी बंदूक मागतात. पण हलकी बंदूक खांद्याला जोरात धक्का देते, आणि फार जड असली तर मूल कमरेतून मागे वाकतं. मधली कुठली, ते त्या एकट्या मुलाकडे बघून ठरवायचं. मग दस्ता कापून घ्यायचा, आणि कापलेला लाकडाचा तुकडा जपून ठेवायला बापाच्या हातात द्यायचा. पुढे उंची वाढली की तो परत जोडता येतो.

हे वेड त्याला का लागलं, ते मला ठाऊक होतं. आमचे वडील, अण्णा, देवगडजवळच्या गावात शाळामास्तर. रानडुकरं आणि माकडं बागेत शिरायची म्हणून त्यांच्याकडे परवान्याची बारा बोअर होती. अण्णा आमच्यासाठी काहीही घेताना वाढत्या अंगाचं घ्यायचे. दादाचा शर्ट गुडघ्याला टेकायचा, माझ्या चपला फटक फटक वाजायच्या, आणि तोंडी ठरलेलं वाक्य, "वाढतं अंग आहे, होईल बरोबर." घरोघरी हेच होतं, त्यात त्यांचं काय चुकलं म्हणा. पण दादा अकरा वर्षांचा झाला तेव्हा त्यांनी ती बंदूकही त्याला त्याच हिशेबाने दिली. लांब दस्ता त्याच्या खांद्यावर नीट बसेना, दंडावरच टेकला. बार झाला आणि दादा मागे शेताच्या मेरेवर, बांधावर जाऊन पडला. आईने आंबेहळद उगाळून लावली, तरी कितीतरी दिवस तो दंड जांभळाच होता. नंतर चापावर बोट गेलं की दादाचे डोळे आपोआप मिटायचे. अण्णा वाडीतल्या लोकांसमोर म्हणाले, "आमचा मोहन म्हणजे भित्री भागूबाई." सगळे हसले. दादाही हसला... मी तेव्हा लहान होते, पण त्याचं ते हसणं मला आवडलं नव्हतं, एवढं पक्कं आठवतं. त्यानंतर गावात त्याने कधी बंदूक उचलली नाही.

आणि हाच माणूस अबुधाबीत येऊन बंदुकांचा जाणकार झाला! सुरुवातीला दुकानात खोके उघडायला होता. मग साफसफाई, मग दुरुस्ती, मग सगळं कपाटच त्याच्या ताब्यात आलं. चाप ओढायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढायचा. गिऱ्हाईक नेमबाजीच्या रेंजवर बोलवायचं, तर याची मान धरलेली असायची. मालकांनाही कधी शंका आली नाही. त्यांना सगळे बू सईद म्हणत, म्हणजे सईदचे वडील. दादा त्यांना समोर 'अरबाब', म्हणजे मालक, म्हणायचा. भला माणूस, पण आपला शब्द खाली पडू द्यायचा नाही. दादाचा व्हिसा त्यांच्या हातात, आणि वहिनी व मृणाल, म्हणजे दादाची मुलगी, या दोघींचा व्हिसा दादाच्या व्हिसावर. तिथे राहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात बू सईद सईदला घेऊन दुकानात आले. सईद तेव्हा दहा वर्षांचा, चणीने लहान, अंगातला कंदुरा, तो त्यांचा पायघोळ झगा, जमिनीवर लोळतोय. दोन आठवड्यांनी बू सईद आणि त्यांचे सगळे भाऊ आपापल्या मुलांना घेऊन तितरांच्या शिकारीला निघणार होते, आणि सईदच्या चुलत भावांकडे बारा बोअरच्या बंदुका होत्या. बू सईदांनी कपाटातल्या सगळ्यात देखण्या, सगळ्यात मोठ्या बंदुकीवर बोट ठेवलं.

"ये निकालो."

"अरबाब, ये सईद के लिए नहीं है. इसके लिए मैं दूसरा देता हूँ, ट्वेंटी बोअर, एकदम फर्स्ट क्लास."

"बच्चा बड़ा हो जाएगा, मोहन. इन्शाल्ला दो साल में मेरे जितना."

दादा मला नंतर म्हणाला, "शुभे, ते वाक्य ऐकलं आणि मला अण्णाच दिसले, कंदुरा घातलेले." तो हटून बसला. कपडा मोठा चालतो, चप्पल मोठी चालते, पण बंदूक आजच्या मापाची लागते, हे त्याने आपल्या हिंदीत तीन तऱ्हांनी सांगितलं. बू सईदांचा आवाज चढला. दुकान माझं, मुलगा माझा, बंदूक माझी, तू कोण? त्यावर दादाने खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि काउंटरवर ठेवली. "आप निकालो अरबाब. मेरे हाथ से नहीं निकलेगा." दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती. बू सईदांनी किल्ली उचलली, बंदुकीकडे न बघताच मुलाचा हात धरला आणि ते निघून गेले. जाताना फक्त म्हणाले, "खलास."

आता हे 'खलास' कशाचं, यावर दादाच्या घरी पुढचे दिवस गेले. दादा रोज दुकानात जायचा, तंबू विकायचा, कपाट बंद. मृणाल वैतागून म्हणायची, "बाबा, व्हाय कान्ट यू जस्ट से सॉरी?" वहिनींनी माळ्यावरच्या बॅगा काढून पुसून ठेवल्या होत्या. मी फोनवर दादाला सोडलं नाही. "लोकांच्या पोराच्या खांद्यासाठी आपल्या पोरीच्या पोटावर पाय देणार आहेस का तू? गावी जाऊन काय विकणार, माकडांना बंदुका?" मला वाटलं नेहमीसारखा फणकारेल. पण तो हळूच म्हणाला, "शुभे, तेव्हा अण्णांना कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं की नाही?" मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. राग गेला नव्हता, पण तो आता त्याच्यावर नव्हता.

त्या शुक्रवारी आम्ही रुवैसहून त्याच्याकडे गेलो. जेवणं झाली होती. बेल वाजली, मृणालने दार उघडलं, तर दारात बू सईद, आणि त्यांच्या मागे सईद. इतक्या वर्षांत ते दादाच्या घरी कधी आले नव्हते. वहिनींनी मला घट्ट धरलं. आम्हा दोघींनाही वाटलं, व्हिसाचंच सांगायला आले. पण त्यांनी सईदला पुढे केलं, त्याच्या गळ्याची बटणं सोडली आणि खांदा दाखवला. खाली दंडापर्यंत काळानिळा. मजऱ्यावर, म्हणजे त्यांच्या शेतावरच्या घरी, काकांनी आपल्या मुलाची बारा बोअर त्याच्या हातात दिली होती. "अभी बंदूक देखता है तो आँख बंद करता है," बू सईद म्हणाले. "बाकी बच्चा लोग हँसता है." आणि ते खाली बघू लागले.

दादा उठला. स्वयंपाकघरात जाऊन सहाणेवर आंबेहळद उगाळली आणि त्या मुलासमोर जमिनीवर बसून लेप लावू लागला. मुलगा अंग चोरत होता. मग दादाने स्वतःच्या तोंडाने आयुष्यात कुणाला न सांगितलेली गोष्ट मालकासमोर, माझ्या नवऱ्यासमोर, स्वतःच्या मुलीसमोर सांगून टाकली. "सईद, देखो, मेरा भी आँख बंद होता है. आज तक. मैं एक भी बार खोल के फायर नहीं किया. तुम्हारे बाबा को मालूम नहीं था, आज मालूम हो गया." मृणाल आ वासून बघत राहिली. अख्ख्या अबुधाबीतला एकमेव जाणकार! मला वाटलं, आता मात्र गेली नोकरी. बू सईदांनी खिशातून किल्ली काढली, चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "यल्ला मोहन, कल दुकान खोलो. और मेरे बेटे का आँख खोलो."

सईद त्या वर्षी शिकारीला गेला नाही. दादा सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर मजऱ्यावर जायचा. आधी नुसती रिकामी बंदूक खांद्याला लावायची. नंतर छऱ्याच्या साध्या बंदुकीने डबे पाडायचे. खांदा दुखायच्या आधी थांबायचं, कितीही मजा येत असली तरी. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या मापाची वीस बोअर आली. सईदने पहिला तितर पाडला तेव्हा परदेशातून दादाला फोन आला, आणि दादा अर्थातच सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटला, जणू तितर यानेच पाडला होता.

दादा गेल्यावर वहिनींना आणि मृणालला परतावं लागणार हे ठरलेलंच होतं. सामान बांधायला मी गेले आणि एका सकाळी दादाच्या दुकानातल्या वस्तू आणायला सईदकडे गेले. बू सईद आता थकले आहेत, दुकान सईदच बघतो. त्याने चहा मागवला, मला दादाच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

"आंटी, पिछला सर्दी में मोहन मेरे को बोला, सईद, पहला बंदूक दिखाओ. मैं समझा कोई कस्टमर का बच्चा आया है. पूछा, बच्चा किधर है? बोला, इधर है." दादाने ठेवला होता तसा सईदने स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवला.

मला काही कळेना. मग हळूहळू कळलं. सईदने दादाचा हात कोपरात वाकवून माप घेतलं होतं. त्याच्यासाठी वीस बोअर निवडली होती, दस्ता कापून घेतला होता. कितीतरी शुक्रवार दादा क्लबच्या रेंजवर, हवेत उडवलेल्या मातीच्या डिस्क पाडतात तिथे, नुसती रिकामी बंदूक धरून उभा राहायचा, बाजूला शाळेतली पोरं. आणि आम्हाला सांगायचा, दुकानात स्टॉक मोजायचाय.

"फिर फायर किया?"

"किया आंटी."

"लगा?"

"कुछ नहीं लगा," सईद हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "डिस्क उधर, छर्रा इधर. लेकिन मैं बगल में खड़ा था, मैं देखा. आँख खुला था. पूरा खुला." मग म्हणाला, "मेरे को बोला किसी को बताना नहीं. पहले कुछ लग जाने दो, फिर शुभा को मैं खुद बताऊँगा."

कसा सांगितला असता त्याने मला तो बार... तिखटमीठ लावून, दर वेळी डिस्क आणखी लांब नेऊन. मी हजार वेळा ऐकलं असतं.

सईदने कपाट उघडलं आणि एका टोकाला वेगळी ठेवलेली बंदूक काढली. बिजागरीवर नळी खाली झुकवून ती रिकामी असल्याचं मला दाखवलं, पुन्हा बंद केली. "ये बिकेगा नहीं. किसी को आएगा भी नहीं, मोहन का हाथ छोटा था ना." आणि ती माझ्यापुढे धरली. आमच्या घरात मुलींच्या हातात बंदूक कुणी दिली नव्हती. भिंतीकडे तोंड करून मी ती घेतली. सईद म्हणाला, "आँख बंद करो आंटी... कंधे पे उठाओ... अब खोलो. बीच में दिखा तो बंदूक तुम्हारा है." मी डोळे उघडले. नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा पितळी मणी माझ्या डोळ्यासमोर अगदी बरोबर मध्ये होता. आखूड हात अण्णांचे. ते दादाला मिळाले होते आणि मलाही. मणी हळूहळू पुसट होत गेला, तरी मी डोळे मिटले नाहीत.