मालाला सूट नाही

माझ्या नाकावर राग कायम असतो, हे आमच्या औशात सगळ्यांना ठाऊक होतं. विमानात चढताना मात्र तो खाली ठेवून जावं लागायचं. मी हवाईसुंदरी होते. हा शब्द मला कधीच आवडला नाही. सुंदर कसलं डोंबलाचं? जेवण वाढायचं, ओकाऱ्या पुसायच्या आणि दार नीट लागलं का ते दोनदा बघायचं, हे ते काम. बौद्ध वस्तीतल्या मास्तरची पोरगी विमानात असते म्हणून आसपासच्या खेड्यांतून बाया मला बघायला यायच्या आणि "ही व्हय?" म्हणून हिरमुसून जायच्या.

त्या वर्षी लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. पाऊस बहुतेक जुन्या जिल्ह्यातच राहिला, कारण आमच्याकडं तो फिरकला नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही संप केला. माझ्या एका मैत्रिणीला दिवस गेले म्हणून कंपनीनं घरी बसवलं होतं. ती आठ वर्षं माझ्याशेजारी उभी राहून काम करत होती. मला असा संताप आला की मी युनियनच्या समितीत सगळ्यांच्या आधी संप म्हणाले. वैमानिकही आमच्याशिवाय उडणार नाही म्हणाले.

अक्षर बरं म्हणून ठराव मीच लिहिला. आजारी माणसं आणि तान्ही मुलं यांच्यासाठी थोडी विमानं आम्ही चालवू, असं त्यात होतं. मग कुणीतरी म्हणालं की कंपनी चार आजारी दाखवून विमानाच्या पोटात माल भरील आणि संपावर पाणी फिरवील. म्हणून मी शेवटी एक ओळ घातली, मालाला सूट नाही. माल चढवला तर आम्ही चढणार नाही. सगळ्यांनी हात वर केले. मी खूष होऊन औशाला आले.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या चाचीकडं तार आली. आमचं घर वस्तीच्या टोकाला, त्यांची न् आमची भिंत एकच. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, तेव्हापासून चाचीच्या हातचं खाऊन वाढले. तिचा एकुलता एक मुलगा आखातात गवंडीकाम करायचा. चाचीला वाचता येत नव्हतं, म्हणून तार मी वाचली. तो कामावर उन्हात कोसळला होता आणि गेला होता. एवढंच लिहिलं होतं.

मौलवी येऊन तिला समजावून गेले की माती कुठलीही असो, अल्लाचीच. तिकडंच दफन करू द्या. चाची ऐकेना. तिचं एकच म्हणणं, पोरगं माझ्या अंगणातनं न्हाऊन जाईल, मी त्याचं तोंड बघीन, मग न्या. मी तिला म्हणाले, "चाची, काळजी करू नको, मी आणते त्याला." तिकडनं मुंबईला आमच्याच कंपनीची विमानं यायची, म्हणून मोठ्या तोऱ्यात म्हणाले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

घरी येऊन चहाचा कप हातात घेतला आणि तो तसाच राहिला. आमच्या कागदावर प्रेत हा प्रवासी नसतो. त्याची पेटी तोलतात, पावती फाडतात आणि विमानाच्या पोटात ठेवतात. प्रेत म्हणजे माल. मी कितीतरी वेळा अशा पेट्यांच्या वरून ट्रे घेऊन हिंडले होते. ठराव लिहिताना मात्र माझ्या डोक्यात कापडाचे गठ्ठे होते, आंब्यांच्या पेट्या होत्या. समितीतल्या एकालाही दुसरं काही सुचलं नव्हतं. इतकी वर्षं आकाशात काढलेली माणसं आम्ही.

मी लातूरला जाऊन युनियनच्या सेक्रेटरीला ट्रंककॉल लावला. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, नव्या जिल्ह्याच्या कलेक्टरांचं पत्र आण, मी समितीपुढं ठेवतो. कचेरीतल्या साहेबांनी पत्र लगेच दिलं. कागदावर छापलेलं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून वर टाइप केलं होतं, लातूर. मी तो मजकूर तारेनं पाठवला आणि औशाला येऊन वाट बघत बसले.

इकडं गल्लीनं पाणी राखायला सुरुवात केली होती. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि घरटी चार घागरी मिळायच्या. त्यातली एक प्रत्येक घरानं चाचीच्या अंगणात नेऊन ठेवली, मयताच्या आंघोळीसाठी. आमच्या वस्तीतूनही गेल्या, पलीकडच्या पाटलांकडूनही आली. सतरा घागरी, तोंडाला पांढरं फडकं बांधलेल्या, भिंतीच्या सावलीत ओळीनं. पोरं तहानेनं रडायची, पण त्या पाण्याला कुणी हात लावत नव्हतं. भर दुपारी अंगणात शिरलं की फडक्यांखालून गार वास यायचा आणि उगाच वाटायचं की आत कुणीतरी आधीच येऊन बसलंय.

चौथ्या दिवशी बाया कुजबुजायला लागल्या. फडकी जशीच्या तशी होती, गाठी सुटलेल्या नव्हत्या, पण पाणी उतरत होतं. बाबा मास्तर माणूस. म्हणाले, उन्हाळा आहे, वाफ होते, एवढंही कळत नाही का. मलाही तेच वाटलं. तरी मी तिथल्या एका घागरीत कोळशानं खूण केली आणि आमच्या अंगणात, तशाच सावलीत, तसलीच घागर तसंच फडकं बांधून ठेवली. सकाळी आमची बोटभर उतरली होती. तिथली चार बोटं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी हे बाबांना सांगितलं नाही.

चाची खाटेवर बसून त्या घागरींकडं बघत होती. मी शेजारी टेकले तेव्हा ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तो पिऊन राहिला. लई तहान लागली असंल त्याला."

दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी खेकसले असते. मी उठले आणि घरातली पिण्याची कळशी आणून त्या घागरीत ओतली. मग रोज बाया तेच करायला लागल्या.

त्यातच पोस्टमन आला. मयताचं पत्र होतं, पंधरा दिवसांपूर्वी टाकलेलं. चाचीनं ते नेहमीसारखं माझ्या हातात दिलं आणि पदर सावरून ऐकायला बसली. त्यात त्यानं तब्येत बरी असल्याचं लिहिलं होतं. विचारलं होतं, टँकर येतो का, पाणी पुरतं का तुम्हाला. मी ते वाचलं आणि पुढं वाचवेना. चाची घागरींकडं तोंड करून म्हणाली की पुरतंय बाबा, तू ये.

समितीचं उत्तर आठव्या दिवशी आलं. लातूरला जाऊन फोन लावला तेव्हा सेक्रेटरी चाचरत बोलत होता. एक पेटी सोडली तर उद्या कंपनी प्रत्येक खोक्याला मयत म्हणेल, असं बहुतेकांचं मत पडलं होतं. शेवटी तो म्हणाला, "ताई, ओळ तुमचीच आहे. तुमच्याच अक्षरात." त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

अजून एक वाट होती. मुंबई गाठून कामावर हजर व्हायचं. संप फोडणारी मिळाली म्हणून कंपनीनं मला डोक्यावर घेतलं असतं आणि तेवढ्या बोलीवर ती पेटी आणली असती. मी बॅग भरली. मग पोटुशी मैत्रीण डोळ्यांपुढं आली आणि बॅग रिकामी केली. हे मी दोनदा केलं. आजही सांगते, मला धड कुणाचंच होता आलं नाही.

अकराव्या दिवशी संप मिटला. आम्ही जिंकलो. मैत्रिणीला परत घेतलं, तिनं मला तार केली. पेटी मुंबईला उतरली आणि नांदेडहून गेलेल्या चाचीच्या भावानं ती टेंपोत घालून आणली.

सकाळची वेळ होती. टेंपो गल्लीत थांबला. मयताचा मामा खाली उतरला, पण पेटीला हात लावू देईना. आतून पत्रा होता, सगळीकडून डाग देऊन बंद केलेला. फार दिवस झालेत, उघडू नका, असं कागदावर लिहिलं होतं. तरी मामानं खाली वाकून वास घेतला होता आणि त्याला कळलं होतं. मौलवीही नको म्हणाले. चाची पेटीवर हात ठेवून उभी राहिली. तिला कुणीतरी समजावलं की तिकडं आंघोळ घातलीच असेल. ती म्हणाली, माझ्या अंगणात न्हाई घातली. एवढंच. पेटी टेंपोतून तशीच कब्रस्तानात गेली.

माणसं परत आली तेव्हा मी चाचीच्या अंगणात एकटीच होते. घागरी काठोकाठ भरलेल्या होत्या. त्या दिवशी पाणी उतरलं नव्हतं, मी खूण बघितली होती. चाची आतून आली. माझा धीर सुटला. मी तिचे पाय धरले आणि सगळं सांगितलं, ठराव, ती ओळ, माझं अक्षर, भरलेली बॅग. तिनं मला मधेच थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

मग तिनं एका घागरीचं फडकं सोडलं, तांब्या बुडवला आणि माझ्यापुढं धरला. "पी," म्हणाली. मी प्याले. पाणी गार होतं. मी तांब्या खाली ठेवेपर्यंत ती माझ्याकडं बघत राहिली.

"तुला मी उपाशी-तापाशी कधी ठेवलं न्हाई, पोरी. आज बी न्हाई," ती म्हणाली. "आता माझ्या दारात येऊ नगंस."

मी उठून घरी आले. मधली भिंत एकच होती, त्यामुळं ती दिवसभर रडली ते मला ऐकू येत होतं.