दिसतंय, पण पटंना

"मॅडम, एक तर ह्याला फिट लिहून द्या, न्हाई तर अनफिट. मधलं काय नको," असं म्हणत सुपरवायझरनं खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली.

हा बाळासाहेब. चाकणजवळच्या गावचा. भाऊ शेती बघतो, हा कंपनीत शिफ्ट बघतो. त्याच्या शेजारी मान खाली घालून बसलेला संतोष, लातूरकडचा, त्याच्या हाताखालचा क्वालिटी इन्स्पेक्टर. तिसऱ्या खुर्चीत संतोषची बायको रेखा. (नावं बदलली आहेत. लिहायची परवानगी संतोषनं दिली आहे.)

"करतो काय हा?" मी विचारलं.

"काम करतो. त्योच तर प्रॉब्लेम हाय."

संतोषच्या टेबलावर ब्रेकचे छोटे पार्ट येतात. कंपनीच्या भाषेत 'जॉब'. प्रत्येक जॉबच्या भोकात गेज घालून बघायचं. गेज म्हणजे दोन टोकांची स्टीलची दांडी. एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. तसं झालं की जॉब ओके, क्रेटमध्ये टाकायचा. मला हे फार आवडलं. आमच्या मनोविकारांच्या धंद्यात असं गेज असतं तर मी कधीच रिटायर होऊन पापड लाटत बसले असते.

या कामात संतोष इतका चोख की त्याला बेस्ट इन्स्पेक्टरचा कप मिळाला होता. पण हल्ली तो ओके क्रेटमधले जॉब परत बाहेर काढून तपासायचा. मग पुन्हा काढायचा. डिस्पॅचची गाडी गेटवर ताटकळायची आणि संतोषसाहेब क्रेटवर वाकलेले. कॉन्ट्रॅक्ट दिवाळीला संपत होतं. एचआरनं स्वच्छ सांगितलं होतं, डॉक्टरचं फिट सर्टिफिकेट असेल तरच रिन्यू. पिंपळे गुरवला भाड्याचं घर, मुलगी नुकतीच शाळेत घातलेली. ती नोकरी गेली तर गाशा गुंडाळून गावी.

तरुणपणी मी फार हुशार होते. कडक इस्त्रीची साडी, नवी कोरी डिग्री आणि पेशंटचं वाक्य त्याच्या आधी आपणच पुरं करायची घाई. तेव्हाच्या त्या बाईंनी 'कामाचा ताण' असं लिहून, झोपेची गोळी देऊन, पुढचा पेशंट बोलावला असता. ती आज समोर आली तर तिलाच एक गोळी देईन म्हणते.

आता मला घाई नसते. शिवाय एका गोष्टीचं खरंच कुतूहल होतं. ज्या कामात शंका घेण्याचाच पगार मिळतो, तिथे शंकेचा आजार ओळखायचा कसा?

"संतोष, गेज आत गेलं की नाही, हे तुला दिसतं ना?"

"दिसतंय मॅडम," तो म्हणाला. "पण पटंना."

"परत बघितल्यावर?"

"जरा बरं वाटतंय. मग वाटतंय, बगताना ध्यान दुसरीकडं असंल तर? एखादा माणूस आपल्या ब्रेकनं मरंल."

"असं वाटणं तुला खरं वाटतं?"

"न्हाई. मलाच हसू येतंय. पण हात जातोयच."

इथं माझं अर्धं काम झालं. काळजी घेणारा माणूस बघतो आणि निवांत होतो. संतोष बघायचा आणि अस्वस्थ व्हायचा. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येतो, तो शांत करायला एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि आपलं आपल्यालाच ते अतिरेकी वाटतं. याला मराठीत मंत्रचळ म्हणतात, इंग्रजीत ओसीडी. ओसीडी हल्ली कपाट नीट लावणाऱ्या कुणालाही म्हणतात. वाकडच्या सोसायटीत माझी सूनही स्वतःला म्हणते. तिला ओसीडी नाही. तिला मोठं कपाट आहे.

मी दोन गोष्टी सांगितल्या. एक गोळी, जिचा गुण यायला काही आठवडे लागतात. दुसरा व्यायाम: एकदाच बघायचं, आणि नंतर जी धाकधूक होते ती होऊ द्यायची. ती चढते आणि आपोआप उतरते. तो अनुभव घेतल्याशिवाय मेंदूला हे पटत नाही.

"आन् सर्टिफिकेट?" बाळासाहेब.

"आज नाही. फिटही नाही आणि अनफिटही नाही."

"म्हंजे मधलंच की ओ," तो पुटपुटला.

आठवडे गेले. गोळीनं झोप सुधारली, चेहरा उजळला, पण धाकधूक जिथल्या तिथं. डोस वाढवला, तरी तेच. गोळी वेळेवर घेत होता, व्यायामही करतो म्हणत होता. मग हे उतरत का नाही?

एकदा तो समोर बसलेला असताना त्याचा मोबाइल वाजला. त्यानं नजर टाकली आणि ताठरलेले खांदे सैल झाले. मला ते खांदे दिसले.

"काय आलं रे?"

"काय न्हाई. रेखानं फोटो पाठवला."

फोटो घरच्या गॅसच्या नॉबचा होता. बंद असलेल्या. मागचे फोटो दाखव म्हटलं, तर गॅसचा नॉब, दाराचं कुलूप, पुन्हा नॉब.

पुढच्या वेळी तिघांना बोलावलं. रेखा म्हणाली, "मी काय करू? फोटो न्हाई पाठवला तर फोनवर फोन करायलेत."

"आणि बाळासाहेब, तुम्ही?"

"मी काय न्हाई केलं. त्यानं हाक मारली की जातो, क्रेट बघतो, आंगठा दाखवतो. गडी शांत हुतो."

म्हणजे संतोष खरोखर एकदाच बघत होता. बाकीच्या वेळा ही माणसं त्याच्यासाठी बघत होती. सगळे प्रेमानं वागत होते आणि आजाराला खाऊ घालत होते.

आता असं ठरलं: पहिला आठवडा दिवसाला एकच फोटो, मग बंद. बाळासाहेबानं हाकेला जायचं नाही.

"मॅडम, ब्रेकचा पार्ट हाय. मी बघायचंच न्हाई?"

"कंपनीची नेहमीची तपासणी तुमच्या वेळेला करा. त्यानं बोलावलं म्हणून नाही."

फोटो बंद झाले त्या दिवशी दुपारी रेखाचा फोन. संतोष गेटपास घेऊन, अर्धी शिफ्ट सोडून, भोसरीच्या ट्रॅफिकमधून बाइकवर घरी आला होता. ती किचनच्या दारात आडवी उभी होती.

"मॅडम, बसून रडायलेत."

"आणि तू?"

"मी बी."

"मग दोघं रडा. नॉब बंद आहे, एवढं मात्र म्हणू नकोस."

अर्धी रजा एचआरला दिसणार होती. मी फोन हातात धरून बसले होते. बऱ्याच वेळानं फोन आला, तो संतोषचा.

"मॅडम, उतरलं."

"बघितलंस?"

"न्हाई. बगितलं न्हाई, तरी उतरलं. असं कसं हो?" त्याच्या आवाजात भीती कमी आणि नवल जास्त होतं. मला तेच हवं होतं.

त्यानंतर वर-खाली झालं. एका शिफ्टमध्ये पुन्हा सगळा क्रेट उपसला. पण धाकधूक कशी चढते आणि उतरते, हे त्याला एखाद्या मशीनसारखं बघावंसं वाटायला लागलं. क्रेट हळूहळू वेळेवर भरायला लागले. दिवाळीच्या तोंडावर मी लिहून दिलं: कामाला फिट, उपचार चालू.

एचआरच्या मॅडमचा लगेच फोन. "डॉक्टर, शंभर टक्के फिट ना? म्हणजे गॅरंटी?"

"लिहिलंय ते वाचा. त्याची जबाबदारी माझी."

पुन्हा फोन. "फक्त एकदा कन्फर्म करायचं होतं." मी म्हटलं, "एकदा झालंय." त्यांना राग आला असावा. कॉन्ट्रॅक्ट मात्र रिन्यू झालं. कायम केलेल्यांत त्याचं नाव आलं नाही, आणि त्याबद्दल बाळासाहेब अजून मलाच बोलतो.

गोळी लिहायला मला फार वेळ लागत नाही. आसुसून विचारणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा 'हो' न म्हणणं मात्र मी या वयातही शिकतेच आहे.