संघपाल आणि अर्ध्यावर अडलेलं दार

संघपालला दारांचा वीट आला होता. पूर्वी लोक शटर हाताने ओढायचे, बिघाड पत्र्यात नाहीतर स्प्रिंगमध्ये सापडायचा. आता गाडी ठेवायच्या दारालाही मोटर हवी, आणि तिची नाटकं निस्तरायला संघपाल हवा. चोपन्नाव्या वर्षी उकिडवं बसलं की उठायला भिंतीचा आधार लागतो, हे कोण बघतो?

त्यात आज त्याला दोनची धुळ्याची बस गाठायची होती. धुळ्यात नोकरी करणाऱ्या त्याच्या लेकीच्या, वृषालीच्या, लग्नाची बोलणी करायला पाच वाजता मुलाकडचे येणार होते. बायको कालच पुढे गेली होती. लेकीचा शाळेतला सत्कार, कॉलेजचा पदवी समारंभ, सगळं कुठल्या ना कुठल्या दाराने खाल्लं होतं. आज चुकायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. आणि बारा वाजता गावातल्याच मेहरूण भागातून प्रकाशचंदशेठचा फोन आला.

शेठच्या गॅरेजचं दार अर्ध्यावर यायचं आणि परत वर जायचं. आधी दोन मेकॅनिक येऊन गेले होते. एकाने रिमोट बदलला, दुसऱ्याने मोटरचं सर्किट-कार्ड. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. संघपालने भिंतीवरचं बटण दाबून धरलं, तर दार निमूट खाली आलं. म्हणजे मोटर ठणठणीत होती. मग तो कण्हत खाली बसला. दाराच्या दोन्ही बाजूंना, घोट्याच्या जरा वर, समोरासमोर सेन्सरचे दोन डोळे असतात. मधे काही आलं की दार माघारी फिरतं, बटण दाबून धरलं तरच त्यांना जुमानत नाही. डाव्या डोळ्यावर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं.

त्याने स्क्रूड्रायव्हर पुढे केला, तोच मागे शेठच्या पत्नी तारादेवी येऊन उभ्या राहिल्या. पाचोऱ्यात वाढलेल्या त्या माहेरच्या बोलीत हळूच म्हणाल्या, "त्यामा जीव शे, भाऊ."

आत जीव असलेलं ते घर त्यांना महिन्यापासून ठाऊक होतं. मोलकरणीला तिथे झाडू लावायची मनाई होती. मेकॅनिकांनी खरवडून टाकलं असतं, म्हणून त्यांना सांगितलंच नाही. शेठ वैतागले. म्हणाले, ते डोळेच काढ, वायर थेट जोड, कटकट मिटव. दहा मिनिटांचं काम होतं, बसही मिळाली असती. पण मग दार खाली येताना कुणाला बघणार नव्हतं, आणि शेठची चार वर्षांची नात जिनल त्याच दारातून सायकल आत-बाहेर करत होती.

संघपालला राग आला. माशीचा आला, तारादेवींचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण आपण काय करणार हे त्याला कळून चुकलं होतं. घर होतं तिथेच ठेवून त्याने वीतभर वर नवे डोळे बसवायला घेतले. दोन्हीकडे भोकं पाडायची, जुन्यांच्या वायरी नव्यांना जोडायच्या, दोरी धरून डोळे एका रेषेत आणायचे. कंबरेचा काटा ढिला झाला. तीन वाजता दार नीट खाली आलं, आणि मधे झाडू धरल्यावर माघारीही गेलं.

फाटकाबाहेर येऊन त्याने लेकीला फोन लावला. सबब जुळवून ठेवली होती, तिने ती ऐकलीच नाही.

"पप्पा, आता साडेतीनच्या गाडीत बसा. पाहुणे साडेसातला येणारेत. पाचची वेळ मी फक्त तुम्हाला सांगितली होती."

ती रागावली नव्हती, तेच त्याला लागलं. आपला उशीर जमेस धरून लेक कधीपासून दिवस आखते आहे, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. हो म्हणाला आणि बसस्टँडकडे चालू लागला.