उजवीकडची पेटी

सेमिनरीत मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर मौनाचा. सकाळी सहाला घंटा व्हायची आणि तिथून नाश्त्यापर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. तोंड उघडायचं ते फक्त चॅपलमध्ये, प्रार्थनेला. मी मुळात बडबड्या, त्यातून तापट. कुणी माझी बादली पळवली तर त्याच्यासाठी चार शब्द नाश्त्यापर्यंत मनात जपून ठेवावे लागत, आणि तोवर त्यांतले निम्मे विसरलेले असत. नियमामागचा हेतू बहुधा तोच असावा.

अँग्लिकन परंपरेतली ती पुण्यातली सेमिनरी. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, व्हायला आलेले आम्ही साठेक जण तिथे राहत होतो. उपासना, वर्ग, झाडलोट, भांडी असा दिवस जायचा. भांडी घासायची पाळी प्राचार्यांनाही चुकलेली नव्हती. त्यांनी घासलेल्या ताटांना साबण तसाच राहायचा, पण ते त्यांना सांगणार कोण?

तेव्हा पुण्यातली घराघरांतली मुलं कॉम्प्युटरकडे धावत होती. मीही धावलो होतो. दोन वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत काढली, गळ्यात ओळखपत्र अडकवून मिरवलो आणि एक दिवस राजीनामा देऊन इथे आलो. वडील सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी जन्मात कधी रविवारचं चर्च चुकवलं नाही, पण पाळक व्हावं ते दुसऱ्याच्या मुलानं, असं त्यांचं साधं मत होतं. ते माझ्याशी बोलायचे थांबले. एक-दोन महिने नव्हे, दीड वर्ष. बिबवेवाडीतल्या शेजाऱ्यांना त्यांनी मी अमेरिकेत प्रोजेक्टवर असल्याचं सांगून ठेवलं होतं. मी आपला तिथून बसने पाऊण तासावर अंगण झाडत होतो.

एका दुपारी सेमिनरीच्या ऑफिसात आईचा फोन आला. वडिलांच्या छातीत दुखलं होतं, चार दिवस दवाखान्यात ठेवून घरी आणलं होतं, आणि हे ती मला आत्ता सांगत होती.

"लगेच निघतो," मी म्हणालो.

"नको रे. तुला बघून चिडतील. डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हणून बजावलंय."

मी फोन आपटला आणि तसाच चॅपलकडे गेलो. दारात दोन पेट्या होत्या. आजाऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या डावीकडच्या पेटीत टाकायच्या, दिवंगतांच्या उजवीकडच्या. संध्याकाळच्या उपासनेत ज्याची पाळी असेल तो त्या काढून वाचायचा. आजाऱ्यांसाठी आम्ही गुडघे टेकायचो, दिवंगतांसाठी उठून स्तब्ध उभे राहायचो. मी चिठ्ठीवर वडिलांचं नाव लिहिलं, पुढे माझं नाव घालून ते माझे कोण तेही लिहिलं, आणि रागाच्या भरात ती पेटीत कोंबली. कुठल्या, ते पाहिलं नाही.

संध्याकाळी आजाऱ्यांची नावं संपली तरी वडिलांचं नाव आलं नाही. मी गुडघ्यांवरूनच वाचणाऱ्याकडे डोळे वटारले. मग सगळे उभे राहिले, आणि त्याने पहिलंच नाव घेतलं ते माझ्या वडिलांचं. पुढे माझं नाव वाचताना त्याचा आवाज अडखळला. शेजारच्याने माझा हात घट्ट धरला.

मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. एरवी बादलीवरून भांडणारा मी, पण तोंडातून शब्द फुटेना. साठ माणसं माझ्या वडिलांसाठी मान खाली घालून उभी होती आणि मी ढसाढसा रडत होतो. 'नाही बोलत तर नका बोलू,' असं दीड वर्ष मनात घोकत हिंडलो होतो. ते सगळं खोटं होतं. मला माझे वडील हवे होते.

उपासना संपल्यावर प्राचार्यांनी मला जवळ घेतलं. स्वयंपाकघरातल्या मावशी डोळे पुसत आल्या. तेव्हा कुठे मला वाचा फुटली.

"सर, ते आहेत. घरी आहेत."

प्राचार्यांनी एकदा पेट्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मग तुम्ही इथे काय करताय?" ते म्हणाले. "निघा."

घराच्या जिन्यातच शेजारचे काका भेटले. "अरे वा! अमेरिकेहून कधी आलास?"

"हा काय, आत्ताच," म्हणून मी वर सटकलो.

वडील कॉटवर उशांना टेकून बसले होते. फार वाळले होते. मला पाहताच त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना चिडायला सवडच द्यायची नाही, म्हणून मी सगळं एका दमात सांगून टाकलं. चिठ्ठी, चुकलेली पेटी, उभी राहिलेली माणसं. आईने कपाळाला हात लावला.

मग भिंतीकडे तोंड ठेवूनच त्यांनी विचारलं, "किती होते?"

"साठ."

"माझ्या निरोप समारंभाला अकरा होते." थोडं थांबून म्हणाले, "त्यांतले दोघे समोशासाठी आलेले."

मला हसू फुटलं. आईही हसली आणि लगेच तिने डोळ्यांना पदर लावला. वडील हळूहळू माझ्याकडे वळले.

"उभे राहून काय म्हणता तुम्ही लोक? म्हणून दाखव."

"पप्पा, भलतंच काय!"

"म्हण."

मी कॉटच्या पायथ्याशी उभा राहिलो. प्रार्थना तोंडपाठ होती, पण नावाची जागा आली तिथे अडलो.

"घे की नाव," ते म्हणाले. "दुपारी लिहिलंस ना?"

मी नाव घेतलं आणि उरलेली प्रार्थना कशीबशी संपवली. त्यांनी ती डोळे मिटून ऐकली.

"फार भराभर म्हणतोस," ते म्हणाले. "मागच्या बाकांवर काही कळायचं नाही. नीट सराव कर. माझ्या वेळेला दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाही. तूच म्हणायचंस."