स्वतंत्र आणि प्रतिष्ठित

तो पंचनामा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यावर अंगठा करणारी बाई मागच्या महिन्यात वारली. तिच्या पुण्यानुमोदनाला जाऊन आल्यापासून हे लिहायला घेतले आहे. हात आता सावकाश चालतो. नावे कोणाचीच देत नाही.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झाले असेल. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणीतला एक तालुका होता. कळमनुरी भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. दारूबंदीचा विषय पुन्हा तापला होता आणि वरून धाडींचे आदेश येत होते. ऐपत असलेला माणूस परवाना काढून बाटली घेई. मजुराच्या वाट्याला नवसागर घातलेली हातभट्टी येई. कायदा दोघांना एकच होता, दारू मात्र निराळी.

वैशाखातल्या एका बाजाराच्या दिवशी ही बाई ठाण्यात आली. डोंगरकड्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली, बौद्ध वस्तीतली मजूर. तिच्या नवऱ्याचे डोळे दारूने गेले होते. बसा म्हटले तरी ती उभीच राहिली.

"साहेब, आठ दिसांनी गावात पंचायतीचं मतदान हाय. मालकाची भट्टी रोज पेटून राहिली. दोन दिस आधी पिंपं वस्तीत येतेत. मग आमची माणसं मत द्यायला जात न्हाईत, त्यास्नी नेतेत."

मालक म्हणजे गावातला बडा जमीनदार. पॅनेल त्याचेच होते, आणि एरवी ही बाई त्याच्याच शेतात राबत होती.

"दोनदा धाड घातली, बाई. काही मिळालं नाही."

"कसं मिळंल? तुमी आल्याचं त्याला तुमच्या आधी कळतंय."

आमचे जमादार जुने, निजामाच्या काळापासून नोकरीत असलेले गृहस्थ. ते म्हणाले, "खबर गावचा कोतवालच फोडत असणार. द्या माझ्या ताब्यात."

गावाचे सरकारी निरोप पोचवणाऱ्या त्या कोतवालाला दुसऱ्या दिवशी बोलावले. पन्नाशीचा, सुकलेला माणूस. जमादारांनी दरडावले तसा तो रडकुंडीला आला.

"जमादारसाहेब, लेकराची आण, म्या कुणाला बोललो न्हाई."

मी जमादारांना बाहेर पाठवले, त्याला पाणी दिले आणि म्हणालो, "मागच्या धाडीच्या दिवशी आम्ही चावडीवर उतरलो. तिथून पुढे सांग. काही सोडू नको."

"तुमी बोल्ला, पंच म्हनून दोन प्रतिष्ठित माणसं आण. म्या गेलो."

"कुठे गेलास?"

"मालकाच्या ओट्यावर."

"तिथेच का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काहून म्हंजे? प्रतिष्ठित माणसं दुसरी कुठं बसतेत, साहेब?"

मला हसू आले आणि ते लगेच विरलेही. खबर कोतवालाने फोडली नव्हती. ती माझ्याच हुकुमातून फुटत होती. आम्ही चावडीवर चहा पीत पंचांची वाट पाहायचो आणि तेवढ्यात तिकडे भट्टी विझायची. आधीच्या अधिकाऱ्याने एकदा माल पकडला होता, पण ओट्यावरचेच ते पंच कोर्टात फिरले. कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, असे त्यांनी सांगितले.

मला वाचनाची सवय होती. त्या संध्याकाळी फौजदारी संहिता काढून झडतीचे कलम पुन्हा वाचले. पंच त्या भागातले 'स्वतंत्र आणि प्रतिष्ठित' रहिवासी असावेत, असे त्यात आहे. स्वतंत्र हा शब्द आधी आहे. इतकी वर्षे तो गाळून आम्ही पुढचाच वाचत आलो होतो.

पुढच्या बाजाराची वाट न पाहता मी तिच्या गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामाकडे गेलो. रोजगार हमीचे काम होते. बाई तिथे माती वाहत होती. भट्टीची जागा विचारली, आणि पंच व्हाल का, असेही विचारले.

तिने पाटी खाली ठेवली. "व्हईन. पर आजच चला. आज न्हाईतर उद्या. ह्ये काम चालू हाय तवर माझ्या हाताला मालकाची गरज न्हाई. ह्ये बंद पडलं की म्या पुन्हा त्याच्याच बांधावर."

"भीती वाटत नाही?"

"वाटती की. तुमाला न्हाई वाटत? तुमची लई तर बदली व्हईल."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसलो, कारण ते खरे होते. दुसरा पंच म्हणून कामावरचा एक म्हातारा धनगर तयार झाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जीप चावडीकडे न नेता तलावाकडून ओढ्यात उतरवली. सिंदीच्या झाडांत भट्टी पेटलेली होती. मालकाचे दोन गडी जागेवर सापडले आणि सडव्याने, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या गुळाच्या पाण्याने, भरलेली पिंपे मिळाली. नमुन्याच्या बाटल्या भरून लाखेने सील केल्या. जमादारांनी मांडीवर फळी घेऊन पंचनामा लिहिला आणि वाचून दाखवला. शाईची डबी पुढे केली, तर बाईने हात मागे घेतला.

"पाच न्हाईत. चार हायत."

एक पिंप फुटके होते, रिकामे. जमादार सवयीने पाच लिहून गेले होते.

"अहो बाई, तुमच्याच वैऱ्याचं पिंप वाढतंय. तुमचं काय बिघडतं?"

"वैरी हाय म्हनून काय झालं? चार हायत तर चार लिवा."

जमादार चरफडले. पाच खोडून चार केले. त्या खाडाखोडीशेजारी तिने अंगठा केला, मग कागदाच्या शेवटी केला.

निवडणूक त्याच आठवड्यात झाली. वस्तीत दारू आली नाही. तरीही मालकाचे पॅनेल निवडून आले.

खटला उभा राहिला तोवर पावसाळा सरत आला होता. तलावाचे काम कधीच बंद पडले होते. साक्षीच्या आधी मालकाने तिला निरोप पाठवला: कापूस वेचणीला ये, फक्त कोर्टात 'मला आठवत नाही' म्हण. हे तिनेच मला कोर्टाच्या व्हरांड्यात सांगितले. मी तिला काहीही देऊ शकत नव्हतो. काम देणे माझ्या हातात नव्हते आणि खोटा धीर द्यावा असे वाटले नाही. "तुम्ही पाहिलं तेवढंच सांगा," एवढेच म्हणालो.

म्हातारा धनगर फिरला. मला त्याचा राग आला नाही; त्याची मेंढरे मालकाच्या रानात बसत. मग तिला पुकारले. आरोपीच्या वकिलांनी चष्मा सारखा केला.

"तुम्ही मजुरी करता. गावात तुम्हाला प्रतिष्ठित कोण म्हणतं?"

"कोनी न्हाई जी. प्रतिष्ठित व्हते ते मागल्या टायमाला येऊन गेले की."

कोर्टात हशा पिकला. ते वकीलही हसले, कारण पंच फिरले त्या मागच्या खटल्यातही आरोपीचे वकील तेच होते.

"हा कागद ठाण्यात बसून लिहिला. तुम्ही नुसता अंगठा दिला."

"ठाण्यात पिंपं व्हती व्हय? कागदात पाच लिवलं व्हतं. म्या चार करायला लावलं. बाजूला अंगठा हाय, बघा."

न्यायाधीशांनी पान उलटले आणि खाडाखोडीशेजारचा अंगठा पाहिला. गड्यांना शिक्षा झाली. मालकापर्यंत पुरावा पोचला नाही. तो कधीच पोचत नाही.

दारूबंदीने दारू बंद होते का, यावर मी पुढे पुष्कळ वाचले. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. नोकरीत मला कळले ते वेगळे होते. कायदा कितीही कडक करा, तो शेवटी कोणाच्या तरी साक्षीवर उभा राहतो, आणि ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हातात आहे त्याची साक्षही दुसऱ्याच्याच हातात असते. त्या वर्षी एका तलावाच्या कामाने जे केले, ते माझ्या जीपने केले नाही. मताचेही तसेच असावे. आज निवडणुकीच्या गाड्यांतून दारूची खोकी उतरताना दिसतात. कुठे बायका मतदान करून दारूचे दुकान बंद पाडतात, तेही वाचतो. तेव्हा ती आठवते.

निकालाच्या दिवशी ती आली होती. वेचणी तिला मिळालीच नव्हती. कामासाठी ती रोज पायी शेजारच्या गावी जात होती. एसटीची वाट पाहत आम्ही उभे होतो. मला अपराधी वाटत होते. म्हणालो, "बाई, निवडणूक त्यानंच मारली. काम तुमचं गेलं. तुमच्या हाती काय आलं?"

ती म्हणाली, "हरलो साहेब, पर आमची माणसं शुद्धीवर हरली. आता आपलं कोन आन् त्याचं कोन, ह्ये पहिल्यांदा बराबर कळलं."

गाडी आली. पदर खोचून ती गर्दीत चढली.