रस्त्याकडे तोंड करून उभी गाडी

प्रभू येणार आहे, तयार राहा, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. खरं सांगायचं तर चाळिशी उलटल्यावर मला त्याचा कंटाळा आला होता. तयारी म्हणजे नक्की करायचं काय? रविवारी चर्चला जायचं, जेवणाआधी प्रार्थना करायची, कुणाचं वाईट चिंतायचं नाही, एवढं मी करत होतेच. बाकी गोठा, कांदा आणि चूल यांतून प्रभूची वाट बघत जागं राहायला वेळ कुणाला? कधी कधी तर वाटायचं, ज्याची आपण वाट बघतोय तो आमच्या पिंपरी पेंढारच्या वस्तीवर येईल तरी कशाला. ही शंका मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

आमच्या ह्यांना मात्र शंका ठाऊकच नाही. भाजीपाला वाहायला आमच्याकडे एक जुना पिकअप आहे. कितीही दमून आले तरी हे गाडी मागे घेत घेत, तोंड रस्त्याकडे करूनच लावायचे. अंगण अरुंद, एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला कांद्याची चाळ; लावता लावता घामाघूम व्हायचे. डिझेल निम्म्याखाली जाऊ द्यायचे नाहीत. चावी दाराजवळच्या खिळ्याला, क्रुसाच्या खाली. शेजारचे बबनभाऊ बांधावरून हटकून चिडवायचे, "काय राव, तुमचा येशू आज पिकअपमदी बसून जाणार व्हय?" हे हसून म्हणायचे, "बोलावणं आलं तर गाडी वळवत बसाया नको." मलाही मनातून बबनभाऊंचंच पटायचं.

बरं, स्वतःपुरतं ठेवायचं तर तेही नाही. तयारी एकट्याची नसते, घराची असते, म्हणून मलाही गाडी शिकवायला घेतली. कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात मी कुरकुरत पुढे चालवायला शिकले. मागे घेणं मात्र काही केल्या जमेना. चाळीचा खांब हलवला तेव्हा मी हात टेकले. म्हटलं, पुढे जाता येतं तेवढं पुष्कळ झालं.

त्या दिवशी हे एसटीनं शिनोलीला गेले होते, चर्चच्या मंडळीतल्या एका आजारी बाईंसाठी प्रार्थना करायला. दुपारी बबनभाऊंची बायको, हौसाबाई, धापा टाकत अंगणात आली. कडबा उपसताना भाऊंच्या पायाला घोणस चावली होती. रुग्णवाहिकेला फोन लावला, ती लांब होती. ह्यांचा फोन लागेना. वस्तीवरचे गाडीवाले सगळे बाजाराला गेलेले. हौसाबाईनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बाई, माझा मानूस जाईल वो. तुमीच चला."

मी आजवर हायवेला गाडी नेली नव्हती. तरी खिळ्यावरची चावी काढली. प्रार्थनेला शब्द सुचेनात, नुसतं 'प्रभू, प्रभू' चाललं होतं. अंगणात आले आणि पिकअप समोर दिसला, तोंड रस्त्याकडे करून उभा. त्याचं तोंड चाळीकडे असतं तर मला तो बाहेरच काढता आला नसता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण रडायला सवड नव्हती.

हौसाबाईनं आणि मी भाऊंना धरून गाडीत बसवलं आणि दवाखान्याकडे निघालो. आळेफाट्याच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर बंद पडून रस्ता तुंबला होता. शेजारी भाऊंचा पाय फुगत चाललेला, शब्द जड झालेले. एका मोटारसायकलवाल्यानं खिडकीतून आत पाहिलं. "ताई, माझ्या मागं मागं या. थांबू नका," एवढंच म्हणाला आणि हॉर्न वाजवत, हात उंच करून पुढे निघाला. लोक बाजूला होत गेले. दवाखान्याच्या फाटकापर्यंत तो पुढे होता. भाऊंना आत नेऊन मी आभार मानायला बाहेर आले, तर तिथे कुणी नव्हतं. तो कोण होता हे मी ठरवत बसत नाही. मला त्याचा उंचावलेला हात आठवतो, तेवढा पुरतो.

वेळेवर इंजेक्शनं मिळाली. काही दिवस धाकधूक होती, पण भाऊ वाचले. मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटतो, आणि तो लिहायला मी मुळीच लाजत नाही. वर्षानुवर्षं लोकांचं हसू सोसून त्यांनी रोज संध्याकाळी एक साधं काम निष्ठेनं केलं. मला जे येत नव्हतं, ते प्रभूनं त्यांच्या हातून आधीच करून ठेवलं होतं. बोलावणं आलं ते शेजारच्या अंगणातून, भरदुपारी, आणि आमचं घर तयार निघालं. आता मी वाट बघत कंटाळत नाही. दिवस त्याच्या हाती देते आणि माझं काम करते.

भाऊ घरी आले त्या संध्याकाळी ह्यांनी चावी माझ्याच हातात ठेवली. मी गाडी रस्त्यावर उभी केली, मान वळवली आणि देवाचं नाव घेऊन मागे घ्यायला लागले. बबनभाऊ काठी टेकत बांधावरून खाली उतरले, चाळीच्या खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि हातानं खुणावत म्हणाले, "येऊ द्या वैनी, येऊ द्या. मी हाये हितं."