रणगाड्यांची बोट आणि गुळाची काईल

आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. नौदलात मात्र आमचे हे एकटेच, आणि तेही कसल्या बोटीवर, तर रणगाडे वाहायच्या. घरी पावणं आलं की पहिलं विचारणार, तोफा किती हायत बोटीवर? मग हे समजावत बसायचे. आमची बोट लढायला नसते, पोचवायला असते. जिथं बंदर नाही, धक्का नाही, तिथं सरळ वाळूवर नाक खुपसायचं, पुढची दोन दारं उघडायची, उतरण खाली सोडायची आणि रणगाडे, ट्रक, माणसं, जे असेल ते जमिनीवर उतरवायचं. सगळं ऐकून घेऊन पावणं म्हणायचं, म्हंजे यष्टीच की! ह्यांना ते लागायचं. मी आत जाऊन तोंडाला पदर लावून हसायची.

मी हुपरीची. माहेरी घरातच चांदीचं काम, बाप, भाऊ, काका दिवसभर डोळ्यासमोर. नवरा वर्षातनं दोनदा दिसायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या लग्नाची तारीखच त्या बोटीनं दोन वेळा हलवली. श्रीलंकेतनं आपली फौज परत आणायची होती, आणि हिच्या फेऱ्या काही संपेनात. माझा बाप चिडून म्हणाला, नवरदेवाला बोटीसकट आणा म्हणावं. तेव्हापासनं मी तिला सवत म्हणायला लागले. ह्यांच्या तोंडावर म्हणायची, मला कुणाची भीती?

पुढं ओडिशाकडं मोठं चक्रीवादळ झालं, की चालली सवत तांदूळ घेऊन. कुठं युद्धाचा सराव, की चालली रणगाडे घेऊन. बुडाला सपाट असल्यामुळं ती समुद्रात अशी काय लोळायची म्हणे, की जुने जुने गडी आडवे होत. हे रजेवर आले की पहिले दोन दिवस अंगणातसुद्धा पाय फाकून चालायचे. सासूबाई काळजीनं बघत बसायच्या.

त्सुनामी आली तेव्हा बोट अंदमानच्या बाजूला होती. टीव्हीवर ते काळं पाणी घरंच्या घरं ओढून नेत होतं आणि ह्यांचा फोन नाही. जीव नुसता टांगणीला. भाकरी थापताना कान रस्त्याकडं, कारण फोन आला तर एसटीडीवाल्याचा माणूस सायकलवरनं येणार होता. गावातली एक शहाणी येऊन सांगून गेली, धीर धर, सरकार पैसे देतं. तिला मी उंबऱ्याच्या बाहेर काढली. शेवटी फोन आला तो बसलेल्या आवाजात. तिथले धक्के सगळे उखडले होते. मोठ्या बोटी लांब उभ्या आणि ही एकटी थेट काठाला लागत होती. पाणी, औषधं उतरवायची, माणसं भरायची, परत फिरायचं.

"तुझ्या सवतीनं लई माणसं वाचवली," हे म्हणाले.

"तुमी वाचलासा न्हवं? तेवढं सांगा," मी म्हणाले, आणि बूथवरच मोठ्यानं रडले. कोण बघतंय याची मला पर्वा नव्हती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात हे रजेवर आले ते तोंड पाडूनच. बोट म्हातारी झाली होती, तळाचा पत्रा पातळ झाला होता आणि तिला मोडीत काढायचं ठरलं होतं. घरात सुतक असल्यागत बसायचे. तेव्हाच माझी नणंद, ह्यांची एकुलती एक धाकटी बहीण, बाळंतपणाला आली होती. तिचं आधी दोन वेळा पोट रिकामं झालेलं. सासरची माणसं आता उघड बोलायला लागली होती, यंदा नाही तर दुसरी करू म्हणून. पोरगी दिवसभर पोटावर हात ठेवून असायची. मी तिला चिडवायची, अगं ते काय उडून जातंय व्हय? पण मनातनं मीही देव पाण्यात घातले होते.

आमचं घर गावात नाही, मळ्यात. मधे ओढा, पलीकडं डांबरी रस्ता. त्या पावसात पंचगंगा पात्राबाहेर आली, ऊस बुडाला, ओढ्याचा समुद्र झाला. धरणाची दारं उघडलीत असं कुणीतरी पलीकडनं ओरडून गेलं. सकाळी गोठ्याच्या उंबऱ्याला पाणी लागलं आणि तेव्हाच नणंदेच्या पोटात दुखायला लागलं. गावातली एकुलती होडी दुसऱ्या वस्तीकडं गेलेली. सासूबाई म्हणाल्या, घरातच करू, मी सात बाळंतपणं केल्यात. पण मूल आडवं आहे असं डॉक्टरीण आधीच सांगून गेली होती. घरात ठेवली तर आईही जाणार आणि लेकरूही, हे सगळ्यांना कळत होतं.

मग ह्यांनी गुऱ्हाळातली काईल काढायला लावली. उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई, पसरट, सपाट बुडाची, चार माणसं मांडी घालून बसतील एवढी. आमच्याकडं पुरात काईलच होडी होते, पिढ्यान् पिढ्या. दोन चुलत दीर पट्टीचे पोहणारे, ते दोन्ही बाजूच्या कड्या धरून पाण्यात उतरले. तिसऱ्या कडीला ह्यांनी जाड दोर बांधला आणि त्याचा एक वेढा बाभळीला घालून टोक सासऱ्यांच्या हातात दिलं. म्हणाले, आमची बोट काठाला लागायच्या आधी मागं नांगर टाकून जाती, वढ लागली तरी तिरकी हुईत न्हाय. हळूहळू सोडा, पण हातातनं सोडू नका. सासरे गुमान ऐकत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांनी लेकाचं न भांडता ऐकलं असेल.

नणंदेला गोधडीवर बसवली, मी तिला मागनं कवटाळून. हे बांबू घेऊन उभे. काईल सुटली तशी गरगरायला बघत होती, पण मागच्या दोरानं तिला धरून ठेवलं. पाणी लालभडक, त्यातनं कडबा, ओंडके, मेलेली शेळी, काय काय वाहत चाललेलं. नणंदेला कळ आली की तिची नखं माझ्या दंडात रुतायची. ती एकसारखी विचारत होती, वैनी, हालतंय न्हवं गं? मी तिच्या पोटावर हात ठेवून व्हय व्हय म्हणत होते. खरं सांगते, मला काही कळत नव्हतं.

अर्ध्यावर गेल्यावर मला वाटलं, जमलं. ह्यांच्या पाठीकडं बघून मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस तिकडं लांब काय काम करतो. अभिमानच वाटला. रस्त्याचा काठ आला, काईलीची कड मुरमाला घासली, आणि हे एकदम वरच्या आवाजात ओरडले, "सगळी मागं सरका!"

बोटीवर तसंच करतात. काठाला लागताना भार मागं घेतात, म्हणजे नाक उचलून वाळूवर चांगलं चढतं. पण बोटीला पुढं-मागं असतं. काईल गोल. आम्ही सांगितल्यासारखं मागं सरकलो आणि मागची कड पाण्याखाली गेली. बघता बघता काईल भरली. माझ्या मिठीतनं नणंद अशी निसटली की हातात फक्त तिची ओली गोधडी राहिली.

हे बांबू टाकून तसेच उडी मारून गेले. थोरल्या दिरानं मला काठाला ढकललं. धाकट्यानं दोर धरून आडवं अंग टाकलं, तिला तिथं अडवलं, आणि ह्यांनी तिची वेणी धरून तिला वर ओढली. सगळं मिळून किती वेळ गेला कुणास ठाऊक. ती रस्त्यावर पालथी पडून खोकत होती, तिचे दोन्ही हात पोटाखाली. मला ह्यांचा असा राग आला होता की त्या भरलेल्या पाण्यात परत ढकलावं. मी म्हणाले, "ही तुमची बोट न्हवं!" एवढंच म्हणाले. ह्यांनी मान वर केली नाही.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून दवाखाना गाठला. नर्स पोटाला नळी लावून ऐकत होती, जागा बदलत होती, परत ऐकत होती. ठोके सापडेनात. नणंद तिच्या तोंडाकडं बघत होती आणि मी भिंतीकडं. शेवटी नर्स म्हणाली, आहेत, पण घाई करायला पाहिजे. दार बंद झालं.

हे बाहेर फरशीवर बसले होते. अंगावरचं पाणी खाली सांडून तळं झालेलं. चहा दिला तर घेतला नाही. मी शिव्या घालायच्या ठरवून बाहेर आले होते, पण गुमान शेजारी जाऊन बसले. मग आतनं रडणं ऐकू आलं, आधी बारीक, मग चांगलं दणदणीत. पोरगी होती. मी देवाला हात जोडले, नर्सच्या पाया पडायला गेले, काय काय केलं. हे जागचे हलले नाहीत.

नणंदेला वॉर्डात आणल्यावर तिनंच ह्यांना बोलावणं धाडलं. हे दाराशी उभे राहिले. आत पाऊल टाकवेना. माझी चूक, माझी चूक, एवढंच पुटपुटत होते.

ती पडूनच म्हणाली, "दादा, घराकडं परत न्यायला तूच यायचं. दुसऱ्या कुणाच्या काईलीत मी ह्या पोरीला घिऊन बसणार न्हाय."

हे म्हणाले, पाणी उतरू दे, ट्रॅक्टरनं जाऊ.

"न्हाय. तूच."

तेव्हा ते आत गेले. तिच्या खाटेच्या कडेला खाली बसले, तिचा हात कपाळाला लावला आणि लहान पोरागत हमसून हमसून रडले. पंधरा वर्षांत मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मी पोरीला उचललं आणि त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं.